परराज्यातली गाडी ठाणे-नवी मुंबईत आणलीय? पासिंग बदलण्याची सगळी वाट, पायरी पायरीने

बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद, दिल्ली, कुठूनही नोकरी बदलून माणूस घोडबंदरला नाहीतर ऐरोलीला राहायला आला की सामानाच्या मागोमाग गाडीही येते, आणि आठवडाभरात तिघेजण तीन वेगळी उत्तरं देतात. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो महिनाभरात नंबर बदलावा लागतो, ऑफिसातला मित्र म्हणतो काही होत नाही रे, मी चार वर्षं टीएस गाडी चालवतोय, आणि नाक्यावरचा एजंट म्हणतो साहेब लगेच करा नाहीतर गाडी उचलतील, मी करून देतो. तिघंही अर्धवट बरोबर आहेत. मी स्वतः केए पासिंगची पेट्रोल गाडी बंगळूरहून ठाण्यात आणून एमएच-०४ करून घेतलीय, त्यामुळे खालचं सगळं त्या अनुभवातून आणि नंतर चार ओळखीच्यांची कामं होताना बघून लिहितोय. फक्त खाजगी गाडीबद्दल लिहितोय, टॅक्सी-टेम्पोचं परमिट प्रकरण वेगळं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे: या कामाचा अवघड अर्धा भाग महाराष्ट्रात नाहीच, तो जुन्या राज्यात आहे. इथलं काम रांगेत उभं राहून होतं. तिथलं काम तुम्ही तिथे नसताना करायचं म्हटलं की कुरियर, एजंट आणि मित्राच्या मिनतवाऱ्या. म्हणून तुम्ही अजून निघाला नसाल तर हे निघायच्या आधी वाचा.

१. आधी बघा, तुम्हाला नंबर बदलायची गरज आहे का

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४६ प्रमाणे भारतात कुठेही नोंदलेली गाडी भारतभर चालते. म्हणजे केए, जीजे, डीएल नंबर दिसला म्हणून गाडी बेकायदेशीर होत नाही. नियम येतो कलम ४७ मधे: गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यायचा, आणि केंद्रीय नियमावलीच्या नियम ५४ नुसार ते १२ महिने संपल्यावर ३० दिवसांत फॉर्म २७ भरून अर्ज करायचा. म्हणजे "महिनाभरात नंबर बदला" हे चूक, आणि "कधीच नको" हेही चूक.

आता यातली मेख. नंबरचं घड्याळ वेगळं आणि टॅक्सचं घड्याळ वेगळं. नंबर हा केंद्राच्या कायद्याचा विषय, रोड टॅक्स राज्याचा, आणि महाराष्ट्राचा १९५८ चा मोटार वाहन कर कायदा म्हणतो की राज्यात वापरलेल्या किंवा वापरासाठी ठेवलेल्या गाडीवर टॅक्स लागतो. त्यामुळे १२ महिने माझ्याकडे आहेतच असं छातीठोक सांगत बसू नका. तुम्ही इथे कायमचे आलाय हे पक्कं असेल, घर घेतलंय, मुलांची शाळा लागलीय, तर वाट कशाला बघायची, सरळ करून टाका. गाडी जितकी नवी तितका टॅक्स जास्त हे खरं, पण जुन्या राज्याचा रिफंडही तेवढाच जास्त असतो, त्यामुळे थांबून फार काही वाचत नाही.

कोणी काय करावं, माझं मत:

- वर्षाच्या आत परत जाणार असाल तर काही करू नका. फक्त गाडी कधी आली याचा पुरावा जपा (पायरी ४ बघा).
- गाडी कोल्हापूर, पुणे, रत्नागिरी, नाशिक अशी महाराष्ट्रातलीच असेल, म्हणजे एमएच-०९, १२, ०८, १५, तर नंबर बदलत नाही, टॅक्स पुन्हा लागत नाही. कलम ४९ प्रमाणे ३० दिवसांत नवीन पत्ता कळवायचा, फॉर्म ३३. बस. याच्यासाठी कोणी एनओसी (जुन्या आरटीओचा ना-हरकत दाखला) आणि नवा नंबर विकत असेल तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.
- गाडी बारा-तेरा वर्षं जुनी असेल तर शांतपणे हिशोब करा. आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) १५ वर्षांची, पुढे फिटनेस करून ५-५ वर्षं वाढवायची. कधीकधी जुन्या राज्यातच विकून इथे एमएच पासिंगची जुनी घेणं जास्त शहाणपणाचं ठरतं.
- दर दोन-तीन वर्षांनी राज्य बदलणारी नोकरी असेल तर बीएच सिरीजचा, म्हणजे राज्य बदललं तरी तोच राहणाऱ्या नंबरचा विचार करा, शेवटाकडे लिहिलंय.

बेळगाववाल्यांना खास सूचना: मामाची केए-२२ गाडी आपलीच वाटते, भाषाही आपलीच, पण आरटीओसाठी ती परराज्यातलीच. गोव्याच्या जीए गाड्यांचंही तेच.

२. तुमचं आरटीओ कोणतं हे नीट शोधा, इथे खूप जण फसतात

हे एवढं का ताणतोय, तर जुन्या राज्याची एनओसी ही "महाराष्ट्रासाठी" अशी मोघम नसते, ती एका ठरावीक आरटीओच्या नावाने निघते. चुकीच्या ऑफिसचं नाव पडलं तर इथली खिडकी परत पाठवते आणि दुरुस्ती करायला पुन्हा जुन्या राज्यात.

- ठाणे शहर, म्हणजे नौपाडा, वागळे, माजिवडा, घोडबंदर रोड वगैरे: एमएच-०४
- ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर: एमएच-४३
- खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल: एमएच-४६
- कल्याण, डोंबिवली: एमएच-०५

सापळा कसा आहे बघा. ऐरोली-वाशीवाल्यांच्या आधारवर जिल्हा ठाणे लिहिलेलं असतं, कारण नवी मुंबईचा तो भाग खरंच ठाणे जिल्ह्यात आहे. बंगळूरचा क्लार्क आधार बघतो, जिल्हा ठाणे दिसतं, एमएच-०४ टाकतो. तुम्ही पण ठाणे वाचून मान डोलावता. आणि मग नवी मुंबईच्या आरटीओत कळतं. डोंबिवलीचं तेच, जिल्हा ठाणे पण आरटीओ कल्याण. उलट खारघरवाले स्वतःला नवी मुंबईकर म्हणतात (का म्हणू नये), पण जिल्हा रायगड आणि आरटीओ पनवेल. म्हणून जिल्हा बघू नका, शहर पण बघू नका. शेजारी ज्याने अलीकडे गाडी घेतलीय त्याच्या पाटीवरचा आकडा बघा आणि परिवहनच्या साइटवर आपला पिनकोड टाकून काय येतं ते ताडून घ्या.

भाड्याच्या घरात असाल आणि सहा महिन्यांत ठाण्याहून नेरूळला जायचा बेत असेल तर मात्र थांबा, आधी घर पक्कं करा आणि मगच एनओसी काढा.

३. जुन्या राज्यातून निघण्यापूर्वी उरकायची कामं

अ) मोबाइल नंबर. वाहन पोर्टलवर गाडीला जोडलेला मोबाइल चालू आणि तुमचाच आहे का बघा. शोरूमवाल्याने घाईत स्वतःचा किंवा एजंटचा नंबर टाकलेला असतो, हे फार कॉमन आहे. पुढचा प्रत्येक ओटीपी तिथेच जाणार, चलानचे मेसेजही.

ब) चलान. जुन्या राज्यातली सगळी थकलेली चलानं भरून टाका, पावत्यांचे पीडीएफ ठेवा. एनओसी देताना थकबाकी बघतातच.

क) बोजा. लोन चालू असेल तर बँकेची परवानगी लागते, गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला हरकत नाही असं पत्र, आणि फॉर्म २८ वर बँकेची सही-शिक्का. बँकेला हे पत्र द्यायला वेळ लागतो, काही बँका फी घेतात, म्हणून हे काम सगळ्यात आधी सुरू करा. लोन फिटलंय पण आरसीवर बोजा अजून दिसतोय अशी परिस्थिती असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र देऊन तिथेच उतरवून घ्या. बोजा अंगावर घेऊन राज्य बदलू नका, दुप्पट कागद होतात.

ड) मूळ इनव्हॉइस. शोरूमचं खरेदी बिल. महाराष्ट्रात टॅक्स गाडीच्या मूळ किमतीवर काढतात, त्यामुळे हे मागतातच. सापडत नसेल तर त्याच शोरूममधून प्रत काढून घ्या, तुम्ही त्याच शहरात असताना ते दहा मिनिटांचं काम आहे. जुन्या टॅक्सची पावतीही काढून ठेवा, रिफंडला लागेल.

इ) नाव. दक्षिणेकडच्या आरसीवर नाव आद्याक्षरात असतं, आधारवर पूर्ण असतं. वडिलांचं नाव मधे आहे की नाही, आडनाव पुढे की मागे, स्पेलिंगमधे एखादं अक्षर कमी-जास्त. ऑनलाइन अर्जात आधारचं ओटीपी करताना नाव जुळलं नाही की गाडी तिथेच अडते, मग सगळं ऑफिसात जाऊन हाताने. शक्य असेल तर तिथेच दुरुस्त करा.

मग एनओसी. अर्ज वाहन पोर्टलवर, फॉर्म २८, प्रिंट तीन-चार प्रतींत, त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट. हा प्रिंट म्हणजे चेसिसवर कोरलेल्या नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची, लहानपणी नाण्याचा छाप घ्यायचो तसंच. चेसिस नंबर कुठे आहे हे प्रत्येक गाडीत वेगळं, बऱ्याचदा पुढच्या सीटखाली कार्पेटमधे किंवा बॉनेटच्या आत, गॅरेजवाला पाच मिनिटांत काढून देतो. चार-पाच जास्तीचे प्रिंट काढून पाकिटात ठेवा, इथेही लागणार आहेत.

बरोबर लागतं: आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी, टॅक्सची पावती, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, बँकेचं पत्र लागू असेल तर, आणि गाडी चोरीची नाही याचा दाखला. तो एनसीआरबीच्या (केंद्राचा गुन्हे नोंदणी विभाग) ऑनलाइन सेवेतून चेसिस-इंजिन नंबर टाकून फुकट निघतो, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

कायद्यात, कलम ४८ मधे, असं आहे की ३० दिवसांत एनओसी दिली नाही किंवा नाकारली नाही तर ती दिली असं समजायचं. वाचायला छान वाटतं. पण कागद हातात नसताना आणि पोर्टलवर एनओसी दिसत नसताना इथल्या खिडकीवर हे कलम ऐकवून काही होत नाही, त्यामुळे पाठपुरावा करून कागद मिळवाच. आणि एनओसी निघाली की गाडीचं खातं जुन्या ऑफिसात एका अर्थाने बंद होतं, पोर्टलवर तसा शेरा येतो, मग बोजा उतरवणं, पत्ता बदलणं असली कामं तिथे होत नाहीत, आधी एनओसी रद्द करावी लागते. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी अ ते इ, मग एनओसी.

४. गाडी आली, नंबर अजून जुनाच: मधला काळ

गाडी राज्यात कधी आली याचा पुरावा जपून ठेवा. चालवत आणली असेल तर फास्टॅगचं स्टेटमेंट (टोलनाक्यांची नावं आणि तारखा त्यात येतात), ट्रकवर आणली असेल तर ट्रान्सपोर्टची बिल्टी. हे सगळं एका फोल्डरमधे फोनवर. नाकाबंदीत "कधीपासून आहे गाडी इथे" असं विचारलं की तोंडी सांगण्यापेक्षा स्टेटमेंट दाखवलं की विषय लवकर संपतो. काहीजण दर वर्षी एकदा गोव्याला फिरून येतात आणि म्हणतात १२ महिने पुन्हा शून्यापासून. तुमचं घर, ऑफिस, पार्किंग सगळं ठाण्यात असताना हा युक्तिवाद कुठे टिकेल असं मला वाटत नाही, आणि फास्टॅगमुळे आता गाडीचा सगळा प्रवास लिहिलेला असतो, तो तुमच्या बाजूने बोलतो तसा विरुद्धही बोलतो.

या काळात तीन गोष्टी कधीच लॅप्स होऊ देऊ नका.

इन्शुरन्स: किमान थर्ड पार्टी हवाच, नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड, पुन्हा सापडलात तर ४,०००. कंपनीला नवा पत्ता कळवून ठेवा, पॉलिसीत नोंद करून घ्या.

पीयूसी: बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षाचं, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांचं. जुन्या राज्यातलं पीयूसी इथे चालतं, मुदत संपली की पेट्रोल पंपावर नवीन काढा, परराज्यातला नंबर आहे म्हणून कोणी नाही म्हणत नाही. कायद्यात याचा दंड १०,००० पर्यंत आहे, आणि पीयूसीला शंभर-दीडशे रुपये लागतात, त्यामुळे इथे काटकसर नको.

ई-चलान: इथे लोक गाफील राहतात. चलान मेसेजने येतं आणि तो जातो आरसीवरच्या मोबाइलवर. पाम बीच, घोडबंदर, एक्सप्रेसवे, सगळीकडे कॅमेरे आहेत, एक्सप्रेसवेवर कारला १०० ची मर्यादा आहे आणि घाटात त्याहून कमी, तिथे कोणी हात दाखवून थांबवत नाही, कॅमेरा काढतो आणि विषय संपला. महाट्रॅफिक अॅपवर महिन्यातून एकदा आपला गाडीनंबर टाकून बघत जा. आणि व्हॉट्सअॅपवर "आपले चलान बाकी आहे" म्हणून एखादी एपीके फाइल आली तर ती उघडू नका, ती खात्यातले पैसे काढायची फाइल असते. सरकारी साइटचा पत्ता जीओव्ही डॉट इन ने संपतो, तेवढं बघायची सवय लावा.

लायसन्सचं काही करायचं नाही, ते देशभर चालतं. कागदपत्रं डिजिलॉकर किंवा एमपरिवाहनमधे असली तरी चालतात, फोटो गॅलरीतली आरसी मात्र चालत नाही, आणि अॅपमधली प्रत एकदा उघडून बघून ठेवा, नाक्यावर नेट नसतं नेमकं.

टोलबद्दल गैरसमज नको: ठाणे-नवी मुंबईतून मुंबईत जाताना आनंदनगर, ऐरोली, वाशी या नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल माफ आहे आणि त्यात गाडी कुठल्या राज्याची हे बघत नाहीत.

५. इथला अर्ज

पत्त्याचा पुरावा तयार ठेवा. भाड्याने राहत असाल तर लीव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर केलेला हवा. बंगळूरहून येणाऱ्यांना तिथल्या नोटरीच्या कराराची सवय असते, महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे, नुसता स्टॅम्पपेपर-नोटरी घेऊन गेलात तर परत याल. गंमत म्हणजे आपल्याकडे करार ११ महिन्यांचा करायची पद्धत, म्हणजे गाडीचे १२ महिने भरायच्या आत करारच संपतो, तेव्हा अर्जाच्या दिवशी करार चालू आहे ना बघा. आधारवर इथला पत्ता करून घेतला असेल तर उत्तम, सगळ्यात कमी प्रश्न त्यात येतात.

मग परिवहन पोर्टलवर महाराष्ट्र निवडून, दुसऱ्या राज्यातून आलेल्या गाडीला नवीन नंबर, हा पर्याय घ्या. गाडीचा जुना नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकले की एनओसीची माहिती आपोआप आली पाहिजे. आली नाही तर जुन्या ऑफिसने कागद दिलाय पण सिस्टीममधे चढवलेलं नाही, इथे भांडून उपयोग नाही, तिथेच फोन करा.

फाइलमधे लावायचं:

- फॉर्म २७, पेन्सिल प्रिंटसह
- मूळ एनओसी, म्हणजे शिक्का मारलेल्या फॉर्म २८ च्या प्रती
- मूळ आरसी
- चालू इन्शुरन्स आणि पीयूसी
- खरेदीचं इनव्हॉइस
- पत्ता आणि ओळख पुरावा, पॅन
- बँकेचं पत्र, बोजा असेल तर
- गाडी इथे कधी आली त्याचा पुरावा
- सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स, स्वतःच्या सहीच्या

नंबरची सरकारी फी कारला ६०० रुपये, स्मार्ट कार्डचे २०० वेगळे, बोजा चढवायचा असेल तर त्याची फी वेगळी, पोस्टेज किरकोळ. खरा खर्च टॅक्सचा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावाच्या नव्या पेट्रोल कारला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाख १२, त्यावर १३. डिझेलला प्रत्येक टप्प्यात दोन टक्के जास्त, १३-१४-१५. कंपनीच्या नावावर असेल तर सरळ २० टक्के, म्हणून कंपनीची गाडी स्वतःच्या नावावर करणार असाल तर आधी नाव मग राज्य. जुन्या गाडीला वयाप्रमाणे यात सूट मिळत जाते. उदाहरणार्थ ९ लाखांची पेट्रोल गाडी नवीन असती तर ९९,००० झाले असते, तुमची चार वर्षांची असेल तर त्यापेक्षा बरेच कमी. आकडा पोर्टल काढून देतं. एजंटने तोंडी सांगितलेला आकडा आणि पोर्टलवरचा आकडा यात फरक असेल तर तो फरक कशाचा हे तुम्हाला समजतं आणि त्यालाही.

एजंटबद्दल विचारणारच तुम्ही. माझं मत असं की ज्याला सुट्टी मिळत नाही त्याने एजंट घ्यावा, त्यात लाज नाही, पण तीन अटींवर. टॅक्स आणि फी तुम्ही स्वतः पोर्टलवरून स्वतःच्या खात्यातून भरायची. ओटीपी फोनवर सांगायचा नाही, समोर बसून टाकायचा. आणि मूळ आरसी-एनओसी देताना फोटो काढून, काय काय दिलं त्याची यादी त्याला व्हॉट्सअॅप करून ठेवायची. चिरीमिरीसकट पॅकेज सांगणारा दिसला की पुढच्या माणसाकडे जा.

फाइल दिल्यावर गाडी इन्स्पेक्शनला न्यायची. इन्स्पेक्टर चेसिस-इंजिन नंबर जुळवतो, रंग बघतो, बाहेरून बसवलेलं काही आहे का बघतो. बाहेरून बसवलेला सीएनजी किट आरसीवर चढवलेला नसेल तर इथे अडकणार, गाडीचा रंग बदलला असेल, रॅप केला असेल तरीही. काळ्या काचांची फिल्म आदल्या दिवशी काढून टाका. सकाळी लवकर जा, आणि चेसिस नंबरची जागा आधी पुसून ठेवा, चिखल-ग्रीस असेल तर तो माणूस वाकून शोधत बसत नाही.

६. नवा नंबर मिळाल्यावर लगेच

चॉइस नंबर हवा असेल तर नंबर पडायच्या आधी बोलायचं, नंतर नाही. ४१४१ घेऊन त्याचा पाटीवर "दादा" करायचा बेत असेल तर आत्ताच सोडा, पाटी एचएसआरपीच (सरकारी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) लागते आणि तिच्यावर कलाकुसर चालत नाही. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीला आधी आपल्या कंपनीच्या शोरूमला विचारा, त्याआधीच्या गाडीची पाटी परिवहन विभागाच्या साइटवर दिलेल्या एजन्सीकडून बुक करायची, कारचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी. जुन्या नंबरची एचएसआरपी गाडीवर असली तरी नवीन नंबरची नवीन लागते. मधल्या दिवसांसाठी रस्त्यावरून साधी पाटी रंगवून घेतात लोक, मी सांगेन बुकिंगची पावती गाडीत ठेवा आणि तेवढे दिवस लोकलने जा.

इन्शुरन्स कंपनीला नवी आरसी पाठवून पॉलिसीवर नवा नंबर चढवून घ्या. क्लेमच्या वेळी सर्व्हेयर आरसी आणि पॉलिसी शेजारी ठेवून बघतो.

फास्टॅग: बँकेत नवी आरसी अपलोड करून नंबर बदला, नाहीतर एका गाडीला एकच फास्टॅग या नियमात टॅग ब्लॉक होतो आणि मग टोलवर रोख दिले तर दुप्पट, यूपीआयने दिले तर सव्वापट.

पीयूसी नवीन नंबरावर नवीन. सोसायटीचा स्टिकर, ऑफिसचा पार्किंग पास, मॉलचं मंथली कार्ड, हे आठवतील तसं.

७. गाडी तुमच्या नावावर नसेल तर

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. बाबा सुरतेत, गाडी बाबांच्या नावावर, चालवतो मुलगा ऐरोलीत. मालक सोडून दुसरं कोणी गाडी चालवू शकत नाही असं काही नाही, लायसन्स आणि कागद नीट असले की झालं. पण १२ महिन्यांनी नवा नंबर मागायचा तर अर्ज मालकाने करायचा आणि मालकाचा पत्ता इथला पाहिजे. बाबांचा इथे पत्ताच नसेल तर मार्ग एकच, गाडी मुलाच्या नावावर करणे. घरातल्या घरात असली तरी कागद विक्रीचेच लागतात, फॉर्म २९ आणि ३०, बाबांच्या सह्या, इन्शुरन्स नव्या नावावर. बाबांची सही आरसीच्या रेकॉर्डमधल्या सहीशी जुळायला हवी, सत्तरीनंतर सही बदलते, तेव्हा दोन-चार जास्तीच्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवा. आणि नो क्लेम बोनस बाबांचा असतो, तो गाडीबरोबर मुलाकडे येत नाही, प्रीमियम वाढलेला दिसला तर दचकू नका.

८. बीएच सिरीज कोणासाठी

सप्टेंबर २०२१ पासून सुरू आहे. केंद्र-राज्य सरकारी, संरक्षण, सार्वजनिक कंपन्यांचे कर्मचारी, आणि खाजगी कंपनीचे ज्यांची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत आहेत, अशांना मिळते. खाजगीवाल्यांना कंपनीकडून फॉर्म ६० (नोकरीचा दाखला) लागतो. टॅक्स एकदम १५ वर्षांचा नाही, दोन-दोन वर्षांचा भरायचा, दर १० लाखांखाली ८ टक्के, २० पर्यंत १०, त्यावर १२, डिझेलला दोन जास्त, इलेक्ट्रिकला दोन कमी. राज्य बदललं तरी नंबर तोच. डिसेंबर २०२२ च्या बदलानंतर साध्या नंबरची गाडीही बीएचमधे नेता येते. पण बीएच गाडी विकताना घेणाऱ्याला बीएच चालत नसेल तर त्याला राज्याचा टॅक्स भरावा लागतो आणि तो तुमच्या किमतीतून कापतो, आणि दर दोन वर्षांनी टॅक्सची तारीख लक्षात ठेवायची जबाबदारी तुमची. मी स्वतः घेतली नाही, ठाण्यातून आता हलायचा विचार नाही म्हणून.

९. जुन्या राज्याचा रिफंड

तुम्ही तिथे आयुष्यभराचा टॅक्स भरला आणि गाडी तिथून गेली, तर उरलेल्या काळाचा काही भाग परत मिळतो. कर्नाटकात मूळ टॅक्सच महाराष्ट्रापेक्षा जास्त, त्यामुळे तिथून आलेल्यांनी हा अर्ज सोडू नये, रक्कम चांगली असते. अर्ज महाराष्ट्रात नवी आरसी हातात आल्यावरच करता येतो. साधारण लागतं ते म्हणजे नव्या आरसीची प्रत, इथे भरलेल्या टॅक्सची पावती, जुन्या टॅक्सची पावती, एनओसीची प्रत, जुनी आरसी जमा करण्यापूर्वी काढलेली झेरॉक्स, ओळखपत्र आणि कॅन्सल चेक. ज्या ऑफिसात गाडी नोंदली होती तिथेच अर्ज जातो. काही ठिकाणी स्वतः जावं लागतं, काही ठिकाणी अधिकारपत्र देऊन मित्र काम करतो, निघण्याआधीच त्या खिडकीवर विचारून ठेवा आणि मित्रही ठरवून ठेवा. अर्जाची पोच, इनवर्ड नंबर आणि तारखेसकट घेतल्याशिवाय त्याला तिथून हलू देऊ नका, पुढे फोनवर चौकशी करायची तर तोच नंबर विचारतात. पैसे यायला महिने लागतात आणि ते अर्जात दिलेल्या बँक खात्यातच येतात, तेव्हा तिथलं जुनं सॅलरी अकाउंट बंद करणार असाल तर चेक त्याचा देऊ नका.